‘धाव’चा ‘घाव’ होतो तेव्हा
(कलामहाविद्यालयातील उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांसमोर एका स्क्रीन प्रिंटरने दिलेले व्याख्यान, संपादित)

हा टी-शर्ट मी तुमच्यात फिरवायला देतोय. डाव्या छातीवर एक बारीक ओळ आहे, ती वाचायची आणि शेजारच्याकडे द्यायचा. मोठ्यानं वाचलंत तरी चालेल.

‘एक घाव गावासाठी.’ बरोबर, तसंच वाचलं जातं. मूळ फाइलमध्ये ‘एक धाव गावासाठी’ असं होतं. धावण्याच्या स्पर्धेसाठी अडीचशे टी-शर्ट होते आणि ते माझ्याच टेबलावर छापले गेले. फाइल मी स्वतः तपासली होती. चूक एकाही अक्षराची नव्हती, शुद्धलेखन चोख होतं, रंग बरोबर होता. तरी कापडावर ‘ध’चा ‘घ’ झाला. कसा झाला, ते समजून घेतलं की आजच्या विषयाचा, म्हणजे टी-शर्टच्या छपाईसाठी फाइल कशी करायची याचा, बराचसा भाग उलगडतो. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक किती, बघा. ‘घ’ची शिरोरेषा सलग असते. ‘ध’ची डावीकडे तुटलेली असते आणि तिथं छोटी गाठ असते. ‘भ’ आणि ‘म’चंही तेच. म्हणजे आपल्या लिपीत दोन अक्षरांमधला फरक कधीकधी रेघेत नसतो, रेघ नसलेल्या जागेत असतो. त्या ओळीतली अक्षरं जेमतेम आठ मिलिमीटर उंचीची होती आणि फॉन्ट चांगला जाडजूड. तेवढ्या अक्षरात ‘ध’च्या डोक्यावरची फट पाव मिलिमीटरच्या आसपास उरली होती. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई जाळीतून दाबून खाली उतरवतात. सुती कापडावर पडली की ती दोन्ही कडांनी थोडी पसरतेच. पाव मिलिमीटरची फट भरायला तेवढं पुरतं.

आणि मी फाइल तपासली कशी? कॉम्प्युटरवर चारशे टक्के मोठी करून. त्या मापावर फट रस्त्याएवढी रुंद दिसत होती.

तेव्हापासून मी छोटा मजकूर पडद्यावर तपासत नाही. खऱ्या मापात कागदावर काढतो, हात लांब करून धरतो आणि फटींकडे बघतो. उठून दिसणारी रेघ किमान एक पॉइंट जाडीची, म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटर हवी. रंगाच्या आत मोकळी सोडलेली रेघ त्याच्या दीडपट ते दुप्पट हवी, कारण मोकळी जागा नेहमी आकसते. अनुस्वाराचा टिंब हवा त्याहून थोडा मोठाच ठेवा. जाळीत एक धूळकण अडकला तरी ‘संघ’चा ‘सघ’ होतो. ‘ध’, ‘भ’ आणि ‘थ’च्या फटी गरज पडली तर हातानं उघडा. कोरल-ड्रॉ या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-१० दाबून शेप टूलनं चार नोड, म्हणजे कडेवरचे बिंदू, बाजूला केले की काम होतं. अक्षर घडवणाऱ्यानं ते पुस्तकासाठी, फलकासाठी किंवा मोबाइलसाठी घडवलेलं असतं. टी-शर्टसाठी त्याची शेवटची डागडुजी आपल्याला करायची असते, आणि ती करताना अक्षराचा तोल बिघडू द्यायचा नाही. हे काम मला फार जिव्हाळ्याचं वाटतं.

आता फॉन्टचंच पुढं नेतो, कारण माझ्याकडं येणाऱ्या फाइलींत सगळ्यात जास्त घोळ इथंच असतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी कळांच्या जागी बसवलेली असतात. तुमच्या मशीनवर सुरेख मराठी दिसतं, माझ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमुळे हा प्रश्न बराच सुटला, पण दुसरा उभा राहिला. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर पडते, जोडाक्षरं सुटतात, हलन्त उघडे दिसतात. ‘किल्ला’ लिहायला जावं आणि ‘ल्ल’चे दोन तुकडे व्हावेत. ट्रेकिंगच्या ग्रुपची अशी फाइल आली की मी छपाई थांबवून फोन करतो. किल्ल्यावर जाणाऱ्या पोरांच्या पाठीवर मोडका ‘किल्ला’ छापायला हात धजत नाही.

यावर उपाय म्हणजे मजकूर पक्का झाला की त्याचे कर्व्ह करायचे. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स. मग अक्षर हे अक्षर राहत नाही, आकार होतो आणि कुठल्याही मशीनवर तसंच उघडतं. मात्र देवनागरीत इथं आणखी एक पायरी असते, ती बहुतेक जण विसरतात. आपली अक्षरं शिरोरेषेनं जोडलेली असतात आणि बऱ्याच फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. नुसते कर्व्ह करून तुम्ही आउटलाइन, म्हणजे अक्षराभोवती रेघ, दिली, तर प्रत्येक सांध्यावर उभी चीर दिसते. आणि कंबाइन केलंत, तर जिथं एकावर एक आलंय तिथं भोक पडतं. म्हणून आधी वेल्ड करा, म्हणजे सगळे आकार जोडून एकच आकार करा. सगळा शब्द एकसंध झाला, शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेली, की मगच आउटलाइन, सावली, जे काय करायचं ते करा. टाइप केलेल्या मजकुराची एक प्रत वेगळी जपून ठेवा. कर्व्ह केल्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. आणि कर्व्हची फाइल दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

फोटोंचं गणित सोपं आहे, ते भरभर सांगतो. छातीवर बारा इंच रुंद चित्र हवं असेल आणि इंचाला तीनशे पिक्सेल धरले, तर ३६०० पिक्सेल लागतात. इन्स्टाग्रामवरून उतरवलेलं चित्र बहुधा १०८० पिक्सेल रुंद असतं. ते बारा इंचांवर ताणलं तर इंचाला नव्वद उरतात. फोटोशॉपच्या चौकटीत नव्वदच्या जागी तीनशे लिहिलं म्हणून चित्रात नवीन काही येत नाही, असलेलंच पातळ होतं. छाया-प्रकाशाचा फोटो असेल तर दोनशेतही भागतं, कारण कापडावर आम्ही इंचाला पंचेचाळीसच्या आसपास ठिपक्यांच्या ओळी छापतो. पण कडा असलेलं चित्र, चिन्ह, अक्षर यांना तीनशेच हवेत, आणि शक्यतो ते व्हेक्टरमध्येच, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांच्या आकारांतच, असावं. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि इंटरनेटवर सापडलेलं दुसऱ्या चित्रकाराचं चित्र त्याला न विचारता उचलू नका. तुम्ही चित्रकारच होणार आहात.

फाइल उघडण्याआधी मात्र विचारायचं ते हे, की कापड कोणतं आणि छपाई कोणती. हे ठाऊक नसताना केलेली फाइल कितीही देखणी असली तरी अर्धीच. सब्लिमेशनमध्ये रंगाची उष्णतेनं वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. सुती कापडावर ते टिकत नाही. त्यात पांढरा रंगच नसतो, त्यामुळे फाइलमधला पांढरा म्हणजे कापड आणि कापड फिकटच लागतं. कबड्डीच्या, क्रिकेटच्या जर्सी अशा होतात. डीटीएफमध्ये, म्हणजे ‘डायरेक्ट टू फिल्म’मध्ये, चित्र आधी फिल्मवर उलटं छापतात, त्यामागं पांढरी शाई आणि चिकटणारी पावडर येते, मग ते दाबयंत्रानं कापडावर उतरवतात. सुती असो की पॉलिस्टर, काळं असो की पिवळं, सगळ्यावर चालतं, म्हणून हल्ली गल्लोगल्ली आलंय. पण त्यासाठीची पीएनजी फाइल खरोखर पारदर्शक पार्श्वभूमीची हवी, आणि तुम्हाला आवडणारी ती मऊ सावली, तो धूसर झगमगाट तिथं घात करतो. अर्धपारदर्शक पिक्सेलच्या मागंही पांढरी शाई बसते. काळ्या टी-शर्टवर चित्राभोवती राखेसारखी कड दिसते. कडा स्वच्छ कापा, किंवा धूसरपणा ठिपक्यांत बदला.

स्क्रीन प्रिंटिंग माझं स्वतःचं काम, त्यावर थोडा रेंगाळतो. प्रत्येक रंगाला एक वेगळी फ्रेम, म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी, आणि प्रत्येक फ्रेमला एक पॉझिटिव्ह, म्हणजे जिच्यावरून फ्रेमवर चित्र उतरवतात ती पारदर्शक फिल्म. म्हणून ‘किती रंग?’ हा आमचा पहिला प्रश्न असतो, तो पैशाचाही असतो आणि चित्राचाही. पॉझिटिव्हवर रंग नसतोच. लाल, पिवळा, निळा, सगळे शंभर टक्के काळ्यातच निघतात. तो काळा नव्वद टक्के असेल किंवा आरजीबीतला, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीतला असेल, तर यंत्र त्याला करडा समजतं आणि बारीक ठिपक्यांत फोडतं. फ्रेमवर उतरल्यावर अक्षराची कड करवतीसारखी होते. फाइल पाठवण्याआधी प्रत्येक काळ्यावर क्लिक करून आकडा बघा.

दोन रंग एकमेकांना टेकत असतील, तर फिकट रंग गडद रंगाखाली अर्धा ते एक पॉइंट सरकवून ठेवा. कापड म्हणजे पुठ्ठा नव्हे. टी-शर्टचं कापड विणीचं, ते ओढलं की ताणतं, आणि दुसऱ्या फ्रेमपर्यंत केसभर हललेलं असतं. सरकवलं नाही, तर दोन रंगांच्या मधून कापड डोकावतं. गडद कापडावर खाली पांढऱ्याचा थर लागतो, तो मात्र वरच्या रंगापेक्षा किंचित आत घ्यायचा, नाहीतर सगळीकडून पांढरी किनार दिसते. आणि काळ्या टी-शर्टवर चित्रातला काळा छापूच नका, ती जागा मोकळी सोडा. कापडाचा काळा शाईच्या काळ्यापेक्षा खोल दिसतो, एक फ्रेमही वाचते आणि छाती पुठ्ठ्यासारखी कडक होत नाही.

रंगाबद्दल बोलायचं तर भगव्याचंच उदाहरण घेऊ. गणपतीच्या आधी मंडळांची, ढोल-ताशा पथकांची कामं येतात आणि ‘भगवा टाका’ एवढंच सांगितलेलं असतं. दहा मोबाइलवर दहा भगवे दिसतात. पडदा उजेडातून रंग दाखवतो, शाई उजेड शोषून उरलेला परत पाठवते. पडद्यावर जळणारा केशरी शाईत तसाच येईल अशी आशा धरू नये. पॅन्टोनचं, म्हणजे प्रत्येक छटेला नंबर देणाऱ्या रंगपद्धतीचं, छापील शेडकार्ड असेल तर नंबर द्या. नसेल तर मी म्हणतो, तुमच्या झेंड्याच्या कापडाचा तुकडा घेऊन या. त्या तुकड्यावरून डब्यात शाई मिसळता येते, मोबाइलवरून येत नाही. आणि काळ्यावर पांढऱ्याच्या थराशिवाय भगवा छापला तर तो विटकरी-तपकिरी होतो. पथकातली पोरं महिना-महिना सराव करतात, त्यांच्या अंगावर तसला रंग गेलेला मला आवडत नाही.

पॉलिस्टरबद्दल एक सावधगिरी. लाल किंवा मरून पॉलिस्टरवर पांढरी अक्षरं छापली, सुकवली, संध्याकाळी पांढरीशुभ्र होती. दुसऱ्या दिवशी गुलाबी. सुकवण्याच्या उष्णतेनं कापडातलाच रंग सुटून शाईत चढतो. साध्या प्लास्टिसोल, म्हणजे तापवून पक्क्या होणाऱ्या शाईला १६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं, तेवढ्यात हे घडतं. कमी उष्णतेवर पक्की होणारी शाई, खाली अडवणारा करडा थर असे उपाय आहेत. पण ते डिझाइनरनं आधी ‘कापड पॉलिस्टर आहे’ असं सांगितलं तरच.

मापही असंच आधी ठरतं. एकदा फ्रेम झाली की डबल एक्सएलला आणि आठ वर्षांच्या मुलाला तेच चित्र जातं. बारा इंचांचं चित्र मोठ्याला शोभतं, लहानग्याच्या काखेत घुसतं. ऑर्डरमध्ये मुलांची मापं असतील तर दुसरी, लहान फ्रेम धरा. फाइलमध्ये चित्राचं माप इंचांत लिहा आणि गळ्याच्या शिवणीपासून किती खाली हवं तेही. साधारण तीन इंच, पण ‘साधारण’ असं लिहू नका, आकडा लिहा.

टी-शर्ट फिरून परत आला का? द्या इकडं. त्या वेळी अडीचशेच्या अडीचशे पुन्हा छापले, स्पर्धेच्या आदल्या रात्री दोन वाजता शेवटचा सुकला. हा एक ठेवून घेतला.

इथं टेबलावर त्याच ओळीच्या दोन फ्रेम आहेत, जुनी आणि फट उघडलेली. शाई आणलीय, कापडाचे तुकडेही आहेत. पाच-पाच जण या, स्क्वीजी, म्हणजे शाई दाबायची रबरी पट्टी, तुम्हीच ओढा आणि आपापला ‘ध’ बघून घ्या.