एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी

श्रोतेहो, नमस्कार.

रस्ता म्हटलं की डोळ्यांपुढे खडी येते, डांबर येतं, रोलर येतो. पण तुमच्या गावच्या रस्त्याची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या नाक्यावर झालेली असते. झाडाखाली दोन पोरं पॅड घेऊन बसलेली असतात. गाडी गेली की कागदावर एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. जाणारे-येणारे त्यांच्याकडे बघतही नाहीत. मी मात्र अशी पोरं दिसली की आजही थांबतो. 30 वर्षं रस्त्यांच्या कामात घालवली आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आधी मोजणी, मग रस्ता. मोजणी चुकली की पुढचं गणित कितीही काटेकोर करा, रस्ता चुकतोच.

वाहतूक नियोजनाचं शास्त्र ऐकायला अवघड वाटतं, पण त्यातले मूळ प्रश्न चारच. किती लोक प्रवासाला निघणार? कुठून कुठे जाणार? कशाने जाणार? आणि कोणत्या रस्त्याने जाणार? 1950 च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइट आणि शिकागो या शहरांचे वाहतूक आराखडे झाले, तेव्हा ही चार पायऱ्यांची रीत बसली. आपल्या तालुक्याला नवं कॉलेज निघालं, असं धरा. रोज किती मुलं येणार, ही पहिली पायरी. कोणत्या गावातून किती, ही दुसरी. त्यातली एसटीने किती आणि मोटारसायकलवर किती, ही तिसरी. आणि ती नदीच्या पुलावरून येणार की ओढ्यातल्या फरशीवरून, ही चौथी. या चारही पायऱ्या मोजणीवर उभ्या असतात. आणि मोजणीला विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे, केव्हा मोजलं? हा प्रश्न मला शिकवला टपरीवर चहा विकणाऱ्या एका मावशींनी. ती गोष्ट आज तुम्हाला सांगायचीच आहे.

1994 साल. नोकरीचं दुसरं वर्ष. सांगली जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यातला एक रस्ता रुंद करायचा होता आणि वाहनांची गणना माझ्याकडे आली. सात दिवस, चोवीस तास, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. नाक्यावर मावशींची पत्र्याची टपरी होती, तिच्याच बाकड्यावर आमचं ठाण. महिना जूनचा. पाऊस पडून गेलेला, पेरणीची घाई. तक्त्यात रकाने आखलेले होते: मोटार, जीप, मोटारसायकल, एसटी, ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, सायकल, आणि सगळ्यात शेवटी बैलगाडी. सात दिवसांत तो शेवटचा रकाना जवळजवळ कोराच राहिला. एखादी बी-बियाण्याची गाडी, एखादी शेणखताची.

तिसऱ्या दिवशी मावशी चहा ठेवता ठेवता तक्त्यात डोकावल्या. म्हणाल्या, "आरं लेकरा, आत्ता काय मोजतुयास? दिवाळी सरली की ये. कारखाना सुरू झाला की बैलं मोजता मोजता हात दुखंल तुझा."

मला हे माहीत नव्हतं असं नाही, श्रोतेहो. आमच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं मानक सांगतं की गणना वर्षातून दोनदा करायची, एकदा सुगीच्या आणि मालवाहतुकीच्या भरात आणि एकदा मंदीच्या दिवसांत. पण अंदाजपत्रक महिन्याच्या आत वर पाठवायचं होतं. वरिष्ठ म्हणाले, जूनचंच धरा. मी धरलं. त्या तक्त्याखाली सही माझी आहे.

त्या आकड्यांवर रस्ता बसवला साडेपाच मीटरचा. पुढच्या दीड वर्षात तो झालाही. नवाकोरा, काळाभोर.

आणि मग आला गळीत हंगाम. डिसेंबरची थंडी, रात्रीची वेळ. मी वस्तीच्या एसटीने त्याच रस्त्याने चाललो होतो. गाडी थांबली ती थांबलीच. पाव तास झाला, अर्धा तास झाला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं तेव्हा बाहेरचा आवाज ऐकू आला. घुंगरांचा. एका बैलजोडीचा नव्हे, लांबपर्यंत पसरलेला. मी खाली उतरलो आणि रांगेच्या कडेने चालत निघालो.

काय सांगू तुम्हाला! एकामागे एक उसाच्या गाड्या. टायरच्या गाड्या, प्रत्येकीवर दोन-अडीच टन ऊस, मागे वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे भारे. साट्याखाली, म्हणजे गाडीच्या फळ्यांखाली, कंदील टांगलेला, काहींना तोही नाही. उसाच्या ढिगावर गोधडी पांघरून बसलेली बाई आणि तिच्या कुशीत झोपलेलं लेकरू. बीडकडची टोळी होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दिवसभर फडात तोडणी करायची, रात्री ऊस कारखान्याला पोचवायचा आणि काट्यावर नंबर लागेपर्यंत उभं राहायचं.

रांगेच्या तोंडाशी पोचलो तर एका गाडीचं चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरलं होतं. डांबर आणि माती यांच्यात वीतभर खड्डा पडला होता, सलग. समोरून आलेल्या ट्रकला वाट देताना गाडीवानाला गाडी बाजूला घ्यावी लागली आणि चाक गेलं. डाव्या अंगाचा बैल गुडघ्यांवर बसला होता, नाकातून वाफ निघत होती. लोक मोळ्या उतरवत होते. मीही हात लावला. उसाचं पान किती कापतं ते शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला सांगायला नको. दहा मिनिटांत माझे हात रक्ताने भरले. गाडी मोकळी झाली, बैल उठला, चार पावलं लंगडला आणि पुन्हा जुवाला लागला. त्या कडेवर टॉर्च मारून बघितलं. रुंदी मला तोंडपाठ होती. साडेपाच मीटर. माझीच.

मावशींची टपरी तिथून जवळच होती. रात्री तीन वाजता स्टोव्ह चालू, भोवती गाडीवान शेकत बसलेले. त्यांनी मला ओळखलं. हातांकडे बघितलं, पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "आता मोजतुयास का?" माझ्याकडे कागद नव्हता. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं सरलेल्या महिन्याचं पान फाडून दिलं. त्याच्या पाठीवर मी उजाडेपर्यंत रेघा ओढल्या. चार उभ्या, पाचवी आडवी. एका तासात चाळीस बैलगाड्या.

आता इथे थोडं शास्त्र सांगतो, कारण त्याशिवाय या चाळीसचा अर्थ लागणार नाही. रस्त्यावर नाना प्रकारची वाहनं धावतात, त्यांची बेरीज करायची कशी? म्हणून सगळ्यांचं रूपांतर मोटारींत करतात. एक मोटार म्हणजे एक एकक. आमच्या भाषेत पीसीयू. गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी मोटारसायकल अर्धं एकक, एसटी किंवा ट्रक तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. आणि मोठी बैलगाडी आठ. परत सांगतो, एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी. कारण ती सावकाश चालते आणि तिच्या मागे सगळा रस्ता सावकाश होतो. म्हणजे त्या रात्री तासाला 320 मोटारींइतकी वाहतूक फक्त बैलगाड्यांची होती, आणि माझ्या तक्त्यात तो रकाना कोरा.

मी हे मावशींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आठ मोटारींची वाट दे की तिला."

श्रोतेहो, रस्त्याच्या रुंदीबद्दल इतकं नेमकं वाक्य मी पुढे कुठल्याही सभेत ऐकलं नाही. मानकानुसार साडेपाच मीटरच्या रस्त्यावर दिवसाला साधारण 6,000 एककं सुखाने जातात. सात मीटर केला की 15,000. रुंदी वाढते दीडच मीटर, क्षमता होते अडीचपट, कारण समोरासमोरच्या दोन गाड्यांना डांबर सोडून खाली उतरावं लागत नाही. जानेवारीत आम्ही पुन्हा गणना केली, पुरे सात दिवस, पुस्तकाप्रमाणे. रस्ता सात मीटरचा आणि बाजूपट्ट्या पक्क्या झाल्या, पण त्याला आणखी पाच वर्षं लागली. ते पाच हंगाम बैलं त्या कडेवरून उतरत राहिली.

रुंदीकरणाचा विषय निघालाच आहे तर एक बोलतो. रस्ता रुंद करायचा म्हटलं की आधी कुऱ्हाड पडते ती वडांवर. आमच्याकडच्या जुन्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी वडाची आणि चिंचेची कमान असायची. भर उन्हात बैल सोडला की त्याच सावलीत. एका बाजूची झाडं राखून दुसऱ्या बाजूला रस्ता सरकवता येतो, मी स्वतः दोन ठिकाणी सरकवला आहे. नकाशावर ती फक्त एक रेघ हलवायची असते. शंभर वर्षांचा वड परत उभा करता येत नाही.

असो. मोजणीकडे येतो. कधी मोजलं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच वजन किती होतं हेही. रस्ता गाड्यांच्या संख्येने थोडा झिजतो, वजनाने फार झिजतो. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर ट्रक फिरवत ठेवले आणि मग हिशोब मांडला. आखावरचं, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होतं. दुप्पट वजन, सोळापट नुकसान. म्हणून पावसाळ्याआधी केलेलं डांबर उखडलं की ठेकेदाराला जरूर जाब विचारा, पण त्या रस्त्यावरून वाळूचे किती डंपर किती भरून गेले, तेही विचारा.

आणि आणखी एक माझं जुनं दुखणं. आपण वाहनं मोजतो, माणसं मोजत नाही. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर, आताचं अहिल्यानगर, पहिली एसटी धावली. आजच्या लाल एसटीत पन्नास माणसं असली तरी आमच्या तक्त्यात ती तीनच मोटारी. आणि एकेक माणूस घेऊन जाणाऱ्या तीन मोटारी, त्याही तीनच. पन्नास माणसं आणि तीन माणसं कागदावर सारखी दिसायला लागली की निर्णयसुद्धा तसेच होतात. मोटारींचा वाहनतळ मोठा, एसटी थांब्यावर छप्पर नाही. शाळेला चालत जाणाऱ्या मुलीला तर कित्येक तक्त्यांत रकानाच नसतो.

हंगाम तोंडावर आहे म्हणून शेवटी ट्रॉलीवाल्या भावांसाठी आणि गाडीवानांसाठी एक हिशोब. रस्ता आखताना आम्ही असं धरतो की चालकाला समोरचं दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद जातात. ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने तेवढ्यात गाडी 42 मीटर पुढे आलेली असते, अजून ब्रेक लागलेलाच नाही. पूर्ण थांबायला सगळी मिळून 80 मीटर लागतात. म्हणजे तुमची ट्रॉली, तुमची बैलगाडी मागच्याला 80 मीटरवरून दिसलीच पाहिजे. ऊस मागे लोंबतो आणि दिवा झाकून टाकतो. तेव्हा लाल चमकपट्टी उसाच्या बाहेर येईल अशी बांधा. साट्याखालचा कंदील 80 मीटरवरून दिसत नाही, मी त्या रात्री मागे जाऊन बघितलं आहे.

आणि तुमच्या नाक्यावर पॅड घेऊन बसलेली पोरं दिसली, तर त्यांना चहा द्या आणि सांगा, आमचा आठवडी बाजार गुरुवारी असतो, जत्रा चैत्रात असते, कारखान्याच्या गाड्या रात्री एकनंतर निघतात. त्यांच्या तक्त्यातला शेवटचा रकाना कोरा असेल, तर विचारा, केव्हा मोजलं?

नमस्कार.