संध्याकाळी सात वाजता किती मेगावॅट?

मंडळी, लॉस एंजेलिसच्या विमानतळाच्या जवळ, अगदी समुद्राकाठी, स्कॅटरगुड नावाचं गॅसवरचं वीज केंद्र आहे आणि मालक कोण, तर खुद्द शहर. आपली बेस्टसुद्धा पालिकेचीच, पण बेस्ट वीज विकत घेऊन वाटते, हे लोक स्वतः बनवतात पण. एझ्रा स्कॅटरगुड हे शहराचं वीज खातं उभं करणारे इंजिनियर, त्यांचं नाव दिलंय.

आता लोक पहिल्यांदा विचारतात, किती मेगावॅटचं? साधारण 830. पूर्ण लोडवर तासभर चाललं तर 8 लाख 30 हजार युनिट. मग लगेच 24 ने गुण, 365 ने गुण असा हिशोब सुरू होतो, आणि तिथेच चुकतं बघा, कारण हे केंद्र वर्षभर पूर्ण लोडवर चालत नाही आणि चालू पण नये. दुपारी कॅलिफोर्नियात सोलर भरपूर असतं, तेव्हा गॅस कशाला जाळायचा? खरी ओढाताण सूर्य कलल्यावर, एसी चालूच असतात आणि सोलर झपाझप उतरतं. 2015 च्या आसपास इथे नवीन युनिटं, म्हणजे वीज बनवणारे संच, बसवले त्यात दोन तऱ्हा आहेत. एकात गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर वाफ करतात, त्या वाफेवर दुसरं टर्बाइन फिरतं, म्हणजे तेवढ्याच गॅसमध्ये साधारण दीडपट वीज. दुसरी तऱ्हा गॅस जास्त खाते पण मिनिटांत लोड उचलते, संध्याकाळी सातला तीच कामाला येते. शेजारीच हायपेरियन हा शहराचा सांडपाणी प्रकल्प, तिथला गॅस कितीतरी वर्षं इथल्या बॉयलरमध्ये जळायचा आणि बदल्यात वाफ परत जायची. दोन्ही शहराचे म्हणूनच हे इतकं सरळ जमलं असं मला वाटतं.

2001 मध्ये कॅलिफोर्नियात वीज बाजार कोसळला, आळीपाळीने अंधार झाला, पण लॉस एंजेलिस शहरात दिवे चालू होते कारण शहराने आपली केंद्रं विकलीच नव्हती. म्हणून वर्षाला विजेची युनिट कमी निघाली तर ते केंद्र फुकट गेलं असं कृपया म्हणू नका.

पण मालकी आहे तर जाबही विचारायला हवा ना. शहराच्याच दुसऱ्या केंद्रातून, सन व्हॅलीमधून, मिथेन गळत होता, 2020 मध्ये नासाच्या विमानातल्या उपकरणांना तो दिसला. आजूबाजूला राहणाऱ्या कामगार कुटुंबांना मात्र आधी कोणी सांगितलं नव्हतं, याचा मला खरंच राग येतो. आता स्कॅटरगुडची जुनी युनिटं काढून हायड्रोजनवर चालू शकेल असं 346 मेगावॅटचं नवीन युनिट बसवायची योजना आहे. हायड्रोजन जाळला की कार्बन डायऑक्साइड नाही, बरोबर, पण इतक्या उष्णतेत हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड होतातच, फुप्फुसांना त्रास देणारे. ते आकडे रोजच्या रोज, मेगावॅटच्या शेजारीच, लोकांसमोर लावा एवढं मागणं आधी मान्य व्हावं, मग टर्बाइनची ऑर्डर द्या.