जिंजर बिअरवर साय

[तोटीवाली काचेची बरणी, कॅमेरा खालून वर]

पिवळट पाणी, तळाशी यीस्टचा गाळ आणि सगळ्यात वर ही पांढरी, सुरकुतलेली साय. नीट बघितलंत तर तिच्याखाली अडकलेले बुडबुडेही दिसतील. आल्याच्या बिअरवर ही यायला नको होती.

सोलापूरचा पूर्व भाग. मागचा खडखडाट यंत्रमागांचा आहे. तो काढता आला नाही, आणि काढावासाही वाटला नाही. याच गल्लीत एक सासू-सून घरच्या घरी जिंजर बिअर करतात. नेहमीच्या बिअरमधली ना हॉप्सची कडू फुलं, ना माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. आलं, साखर, लिंबू, आणि हंगामात सांगोल्याकडच्या भगव्या डाळिंबाचा रस. कारखान्यातल्या कोल्ड्रिंकमध्ये गॅस यंत्राने कोंबतात. इथे तो बाटलीत आपोआप तयार होतो, आणि हा फरक पहिल्या घोटात कळतो.

[आलं किसताना हात]

आलं सालीसकट किसायचं, कारण रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू सालीवरच असतात. त्यात साखर-पाणी घालून वर मलमलचं फडकं बांधायचं. रोज चमचाभर आलं, चमचाभर साखर. चार-पाच दिवसांत फसफसायला लागतं. हे झालं विरजण. मग आल्याचा काढा साखर घालून खळखळून उकळायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा आणि त्यात लिंबू नि विरजण घालायचं. घाई करून गरम काढ्यात विरजण घातलं, तर यीस्ट मरतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४०च्या वर असतो, तेव्हा हेच यीस्ट जरा जास्तच उतावीळ होतं. म्हणून बरणीभोवती ओलं पोतं गुंडाळलेलं दिसतंय.

साय धरतात ती हवेवर पोसणारी दुसरीच रानटी यीस्ट. थर नुसता पांढरा असेल तर चव बिघडते, फार काही होत नाही. व्हिनेगरचा वास आला, तर ॲसिटिक आम्ल करणारे जिवाणू शिरले समजायचं. पण केसाळ, हिरवा-काळा ठिपका दिसला की ती बुरशी. मग चाखूनसुद्धा बघायचं नाही, सगळं ओतून द्यायचं.

[सायीच्या कडेला हिरवा ठिपका, अगदी जवळून]

मोठ्या ब्रुअऱ्यांनाही, म्हणजे बिअरच्या कारखान्यांनाही, हा त्रास चुकलेला नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी दाखवून दिलं की बिअर बिघडते ती कामाच्या यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळल्यामुळे. १८८३ मध्ये त्यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. कार्ल्सबर्गने ते दडवून ठेवलं नाही, इतर ब्रुअऱ्यांनाही दिलं. आजच्या कोल्ड्रिंकवाल्यांकडून कुणी अशी अपेक्षा करील का?

गल्लीतल्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा नाही, पण तपास झाला. सासूबाईंचा पहिला संशय पाण्यावर. इथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ते पिंपात साठवावं लागतं. पण काढा तर उकळलेला होता, म्हणजे पाणी सुटलं. मग चिलटं. हे बघा, फडक्यावर एक बसलंय. पिकल्या फळावरून उठून येतं आणि पायांना व्हिनेगरचे जिवाणू घेऊन येतं. पण फडकं घट्ट होतं. राहिली तोटी.

[पान्याने तोटी उघडताना]

"अगं, रोज तर धुतो की बरणी."

"बरणी धुतो आत्या, तोटी कुठं उघडतो? हे बघा, वॉशरच्या मागं."

तपकिरी, बुळबुळीत थर. नखाने खरवडला तर नखात बसतो. साबणाचं पाणी तोटीतून वाहून जायचं, आट्यांपर्यंत पोचायचंच नाही. आतल्या जंतूंना या थराचाच आडोसा असतो, त्यामुळे वरून कितीही औषध ओता, उपयोग शून्य. आधी घासून मळ काढायचा आणि मगच जंतू मारायचे. धुण्याचा सोडा, कडक पाणी, बारीक ब्रश. मग पाण्यात पातळ केलेलं ब्लीच, आणि शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्यायचं. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीही एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

त्या बॅचच्या बाटल्या एका हळदीला जायच्या होत्या. ऑर्डर हातची गेली, आगाऊ घेतलेले पैसे परत दिले.

[मोरीत बरणी रिकामी करताना. निवेदन नाही.]

काच राहिली, पण प्लास्टिकची तोटी आणि ओरखडे पडलेला डाव टाकून दिला. ओरखड्यातही तोच थर बसतो. जुनं विरजणही गेलं, नवीन आलं किसलं गेलं. आता बरणी बिनतोटीची आहे आणि बाटल्या नळीने भरतात. त्यातली एक बाटली मुद्दाम प्लास्टिकची ठेवतात. ती बोटांनी दाबली जाईना झाली की गॅस पुरेसा झाला, मग सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये. उशीर झाला तर काचेची बाटली फुटू शकते. नळी साफ करत बसण्यापेक्षा दर काही बॅचनंतर नवीनच आणायची, असं सुनेचं म्हणणं. सासूबाईंना तो खर्च अजून पटलेला नाही.