गुरं एकाची, भाव तिसऱ्याचा

श्रोतेहो, नमस्कार.

गुरं म्हटली की गोठा, दावं, सरकीची पेंड, वैरणीची पेंढी. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण आज जायचंय टेक्सासच्या उत्तर टोकाला, ज्याला पॅनहँडल म्हणतात तिथे. इथे छप्पर नाही, दावं नाही. उघड्या माळावर लोखंडी कुंपणांचे वाडे, आणि एकेका ठिकाणी हजारो गोऱ्हे नि कालवडी. दुधाशी संबंध नाही, सगळं मांसासाठी. याला म्हणतात फीडलॉट.

जनावर साधारण तीनशे-साडेतीनशे किलोचं असताना येतं, चार-सहा महिने धान्य खातं आणि सहाशे किलोच्या वर जाऊन कत्तलखान्यात जातं. भल्या पहाटे एक माणूस गव्हाणी बघत फिरतो. सिमेंटची लांबच लांब गव्हाण चाटूनपुसून साफ असेल तर आज खुराक वाढवायचा, दाणे उरले असतील तर हात आखडता घ्यायचा. सगळा धंदा त्या माणसाच्या नजरेवर.

पूर्वी हे असं नव्हतं. आयोवा-इलिनॉयचा शेतकरी स्वतःच्या मक्यावर थोडी जनावरं पोसायचा आणि रेल्वेनं शिकागोला धाडायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅनहँडलमध्ये पंप आले. ओगलाला नावाच्या जमिनीखालच्या प्रचंड साठ्यातलं पाणी उपसलं जाऊ लागलं, १९५० नंतर संकरित ज्वारी आली, आणि धान्याच्या राशी पडल्या. होय, ज्वारीच! तीच वाफवून, रोलरखाली चेपून, पोह्यांसारखी पातळ करून गुरांना घालायची. (आणि आपल्याकडे बघा, भाकरी गरिबाची म्हणून नाकं मुरडली, आता तीच भाकरी हॉटेलात पोळीपेक्षा महाग. असो.)

१९६० मध्ये नेब्रास्काचा पॉल एंगलर इथल्या हेरफर्ड गावी आला आणि त्यानं मोठा फीडलॉट उभा केला. हिशेब सरळ होता. धान्य गुरांकडे न्यायचं नाही, गुरं धान्याकडे आणायची. पुन्हा सांगतो, गुरं धान्याकडे आणायची. मग मांसाचे कारखानेही गुरांच्या मागोमाग इकडे आले.

पण एवढी गुरं घ्यायला पैसा कुणाचा? तर डॉक्टरांचा, वकिलांचा, तेलविहिरीवाल्यांचा. करात सूट मिळायची, म्हणून ज्यांनी जन्मात शेण पाहिलं नाही त्यांनीही गुरं घेतली. फीडलॉटवाला त्यांची जनावरं सांभाळणार, खुराकाचे नि राहण्याचे पैसे लावणार. आणि १९६४ पासून शिकागोच्या बाजारात उभ्या जनावरांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आजच ठरवलेल्या भावाचे सौदे, सुरू झाले. म्हणजे गुरं एकाची, खुराक दुसऱ्याचा, भाव तिसऱ्याचा. हे लक्षात ठेवा, कारण आता जी गोष्ट सांगणार आहे तिची सगळी गंमत त्या तिसऱ्यात आहे.

तारीख १६ एप्रिल १९९६. अमेरिकेतली गाजलेली मुलाखतकार ऑप्रा विन्फ्री, तिचा टीव्हीवरचा कार्यक्रम. महिन्यापूर्वीच ब्रिटन सरकारनं सांगितलं होतं की गायींच्या वेडाचा रोग माणसालाही होत असावा. पाहुणा होता हॉवर्ड लायमन. हा गडी मोंटानाचा, एके काळी स्वतः फीडलॉट चालवलेला आणि पुढे शाकाहारी झालेला. तो म्हणाला, अहो, आपल्याकडे मेलेल्या गायींचा भुगा जिवंत गायींनाच खुराकात घालतात! ऑप्रा हबकली. म्हणाली, यापुढे बर्गर खायची माझी इच्छाच मेली.

झालं! त्याच दिवशी शिकागोत वायद्यांचे भाव कोसळले. (आम्ही रेडिओवाले वर्षानुवर्षं बोलतोय, कोथिंबिरीची जुडीसुद्धा आमच्यामुळे कधी स्वस्त झाली नाही!)

तोवर एंगलरची कॅक्टस फीडर्स ही कंपनी देशातल्या बड्या फीडलॉटवाल्यांत गणली जात होती. त्यानं आणि इतर गुरंवाल्यांनी कोट्यवधींच्या नुकसानीचा दावा ठोकला. टेक्सासनं १९९५ मध्ये एक कायदा केला होता, नाशवंत खाद्यमालाची खोटी बदनामी केली तर भरपाई द्या. खटला कुठे? तर ॲमरिलोत, थेट गुरंवाल्यांच्या गावात! गाड्यांवर चिकटपट्ट्या झळकल्या, ‘अमेरिकेत वेडी गाय एकच, ऑप्रा.’

आणि बाई काय करते? आपला कार्यक्रमच ॲमरिलोला हलवते. दिवसा कोर्टात, संध्याकाळी गावातल्या छोट्या नाट्यगृहात चित्रीकरण. तिकिटासाठी झुंबड. न्यायाधीशबाईंनी खटल्याबद्दल जाहीर बोलायला बंदी घातलेली, म्हणून एवढी बोलकी बाई, पण त्या विषयावर तोंडाला कुलूप. हळूहळू गाव विरघळलं, तिच्या नावाचे टी-शर्ट दिसू लागले. निकाल देणाऱ्या पंचांपुढे, म्हणजे ज्युरीपुढे, कसं बोलायचं हे शिकवायला तिनं एक मानसशास्त्रज्ञ गाठला होता, फिल मॅकग्रॉ. पुढे तो ‘डॉक्टर फिल’ म्हणून स्वतःच टीव्हीचा तारा झाला. वकिलांची फी तर विचारूच नका. भांडण कुणाचंही असो, त्यांचं पीक कधी बुडत नाही.

कोर्टात मुद्दा आला, वाड्यात उभी असलेली जिवंत गुरं नाशवंत माल कशी? तो नवा कायदा न्यायाधीशांनी बाजूला ठेवला. उरला धंद्याच्या बदनामीचा साधा दावा. तोही पंचांनी २६ फेब्रुवारी १९९८ रोजी फेटाळला. २००० मध्ये अपिलातही तेच झालं.

तरी एंगलरची बाजू अगदीच पोकळ नव्हती. गुरं वाड्यात, तयार झालेली. ती थांबवून ठेवायची सोय नाही, रोज खुराकाचा खर्च चालू, आणि भाव ठरणार हजार मैलांवर, कुणाच्या तरी एका वाक्यानं. गुरं एकाची, खुराक दुसऱ्याचा, भाव तिसऱ्याचा.

आणि तो गायींना गायींचा भुगा घालण्याचा प्रकार? खटला सुरू झाला जानेवारी १९९८ मध्ये. त्याच्या आधीच, ऑगस्ट १९९७ पासून, अमेरिकन सरकारनं त्यावर बंदी घातली होती.

नमस्कार.