अदलाबदलीचं यंत्र आणि दोन मदतनीस

मंडळी, विज्ञानकथेवरची ॲनिमेशन मालिका जोखायची माझी कसोटी एकच आहे: स्वतःच घातलेला नियम ती शेवटपर्यंत पाळते का? चित्रात काहीही घडवता येतं, नियम मोडायला कुणाची आडकाठी नसते. म्हणून जे पाळतात, त्यांचं मला फार अप्रूप आहे.

‘फ्यूचरामा’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेचा २०१० सालचा ‘द प्रिझनर ऑफ बेंडा’ हा भाग घ्या. त्यात मनांची अदलाबदल करणारं यंत्र आहे. दोघं त्यात बसले की याचं मन त्याच्या शरीरात जातं. अडचण एवढीच, की एकदा जोडी वापरली की तीच दोन शरीरं पुन्हा एकमेकांशी बदलता येत नाहीत. बघता बघता नऊ शरीरांचा गुंता होतो, त्यात एक यंत्रमानव बादलीसुद्धा!

एरवी अशा ठिकाणी वीज कडाडते, यंत्र उलटं फिरतं आणि सगळे पूर्ववत होतात. पण या भागाचे लेखक केन कीलर यांची डॉक्टरेट उपयोजित गणितातली. त्यांनी रीतसर सिद्धताच मांडली: गुंता कितीही मोठा असो, यंत्रात कधीच न बसलेली दोन माणसं मदतीला आणली की तो सुटतो.

छोटं उदाहरण करून बघू. कागदावर चार चौकोन काढा. वर शरीराचं नाव, आत मनाचं. गणू आणि बाळू यांची अदलाबदल झालेली आहे, शकू आणि मालू मदतीला आल्यात. आधी गणू-शकू बसवा: गणूच्या शरीरात शकू, शकूच्या शरीरात बाळू. मग बाळू-मालू: बाळूच्या शरीरात मालू, मालूच्या शरीरात गणू. आता गणू-मालू, की गणू घरी परतला. मग बाळू-शकू, बाळूही परतला. उरल्या शकू आणि मालू, एकमेकींच्या शरीरात. त्यांची जोडी अजून कोरी आहे, म्हणून पाचव्या फेरीत त्याही सुटतात.

गडबड होते ती दोन ठिकाणी. एक, लोक मनांच्या जोड्या मोजतात. बंदी शरीरांच्या जोडीवर आहे. दुसरी, शकू-मालूची जोडी घाईनं आधीच वापरली जाते आणि शेवटची वाट बंद होते. आणि एकट्या शकूवर का भागत नाही? गणू-शकू केलं, मग बाळू-शकू केलं, तर बाळू सुटतो खरा. पण गणूचं मन शकूच्या शरीरात आणि शकूचं गणूच्या, आणि ती जोडी तर पहिल्याच फेरीत संपलेली! सुरुवात बाळूपासून केलीत तरी तेच होतं.

मालिकेतल्या नऊ शरीरांचे दोन गट पडतात, दोघांचा आणि सातांचा. १३ अदलाबदलींत सगळे जागेवर येतात. सिद्धता फळ्यावर क्षणभरच दिसते, चित्र थांबवून जरूर वाचा. याच मालिकेत रामानुजनांची १७२९ ही संख्याही (दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी लिहिता येणारी सर्वांत लहान) अधूनमधून डोकावते. ती ओळखता आली की गणिताच्या माणसाला जो आनंद होतो, तो काय सांगावा!

जपानी मालिकांत हीच शिस्त भौतिकशास्त्राची आहे. १९७९च्या ‘मोबाइल सूट गंडम’मधल्या अवकाश वसाहती म्हणजे फिरते प्रचंड दंडगोल. फिरण्यामुळे आतली माणसं भिंतीवर दाबली जातात, तेच त्यांना वजन वाटतं. त्रिज्या ३.२ किलोमीटर धरली, तर पृथ्वीइतकं वजन जाणवायला साधारण ११३ सेकंदांत एक फेरी पुरते. हा आकार उगाच मोठा नाही. १० मीटर त्रिज्येचं कडं केलंत, तर दर सव्वासहा सेकंदांना गरगर फिरवावं लागेल. पावलांना पूर्ण ओढ आणि डोक्याला जेमतेम ८३ टक्के. मान वळवली की भोवळ येईल. यानांत सर्रास दाखवलेली चिमुकली फिरती खोली मला म्हणूनच खटकते.

२००३च्या ‘प्लॅनेटेस’मध्ये अवकाशातला कचरा वेचणारे कामगार आहेत, आणि तिथे एक साधा स्क्रू माणसं मारतो. हिशेब करा: १० ग्रॅमचा स्क्रू, सेकंदाला १० किलोमीटर सापेक्ष वेग, ऊर्जा पाच लाख ज्यूल. एक टनाची मोटार ताशी ११४ किलोमीटरनं येऊन आदळावी तेवढी. या मालिकेत बाहेरच्या निर्वातात स्फोटांचे धडाके नाहीत. कामगारांना ऐकू येतो तो हेल्मेटमधला स्वतःचा श्वास आणि रेडिओवरचा सोबत्याचा आवाज.