हात गुंतलेले, कान मोकळे

(दृश्य: सोलापूरचं विडी घरकुल, म्हणजे विडी कामगारांची वसाहत, सकाळ. घरापुढचा ओटा, सूप, भिजवलेला पाला.)

पाला रात्रीच भिजत घातलेला असतो. सकाळी तो फडक्यातून काढायचा, वर पत्र्याचा फर्मा ठेवायचा आणि कडेनं कात्री फिरवायची. एका पानात किती तुकडे बसतील, याचा हिशोब अक्कांच्या डोक्यात फर्मा टेकवायच्या आधीच झालेला असतो. मग मांडीवर सूप. चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक वळसा, नखानं तोंड आत दुमडलं, दोऱ्याचा फास. झाली विडी. हे इतकं झटकन होतं की पहिल्या वेळी कॅमेऱ्यालाच सापडलं नाही. पुन्हा बघा.

(तेच दृश्य, संथ गतीत. निवेदन नाही. कात्रीचा आवाज.)

मजुरी हजार विड्यांमागे मिळते. त्यामुळे मान वर करायला सवड नाही. हात पाल्यात, डोळे सुपात. मोकळे राहतात ते कान. सोलापूरच्या पूर्व भागात गल्लोगल्ली बायकांचे कान असे दिवसभर मोकळे असतात, आणि त्यांत काय पडायचं ते ठरवतं भलतंच कुणी. शेजारच्या घरातली मालिका. मोबाइलवरच्या जाहिराती. निवडणूक आली की रिक्षावरचा भोंगा.

(जुनं छायाचित्र: लांबलचक बाकांवर कामगार, मधे उंच मचाणावर बसून वाचणारा माणूस.)

हा फोटो सोलापूरचा नाही. अमेरिकेतल्या टाम्पा शहरातला सिगार कारखाना आहे. वाचून दाखवायची ही रीत मूळची क्युबातली, १८६५ साली हवानातल्या कारखान्यात सुरू झालेली. वाचणाऱ्याला मालक पगार देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढत. वाचायचं काय, तेही त्यांच्याच मतानं ठरे. वर्तमानपत्र असे, कादंबरी असे. पुढच्याच वर्षी तिथल्या राज्यकर्त्यांनी हुकूम काढून हे वाचन बंद पाडलं. कामगारांनी ते काही वर्षांनी पुन्हा सुरू केलं. टाम्पातल्या मालकांनी १९३१ साली मचाणं काढून टाकली. कारण दिलं की इथून कामगारांना भडकवलं जातं. त्या जागी आले रेडिओ.

(दृश्य: चार हुतात्मा पुतळे. वाहनांची वर्दळ.)

१९३१ हे साल सोलापूरकरांना वेगळ्या कारणानं पाठ आहे. १२ जानेवारी, येरवडा तुरुंग. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. आधीच्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर शहर पेटलं होतं आणि इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला होता. यांतले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे आणि गिरणी कामगारांत काम करायचे. पुतळ्याला हार घालताना ही गोष्ट सहसा कुणी बोलत नाही.

(दृश्य: हैदराबाद रस्ता, चालत्या गाडीतून.)

विडी घरकुलाहून निघालेला हा रस्ता उमरगा, हुमनाबाद करत तेलंगणातल्या जहीराबादला जातो. तिथं जवळच माचनूर गाव आहे. या गावात १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. चालवणाऱ्या बायका दलित, कोरडवाहू शेती करणाऱ्या. विषय त्यांचेच: बियाणं, घरगुती औषधं, सणांची गाणी. भाषा त्यांच्या गावची तेलुगू. पूर्व भागातल्या पुष्कळ घरांतही तेलुगूच बोलली जाते, म्हणून हा रस्ता दाखवला.

माचनूरचा स्टुडिओ मात्र प्रक्षेपणाच्या परवान्याच्या कितीतरी आधी उभा होता. बायका कार्यक्रम कॅसेटवर भरायच्या आणि गावोगावच्या बैठकांत वाजवायच्या. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५ मध्येच सांगितलं होतं. त्यानंतर स्वतःचा रेडिओ चालवायला सरकारनं २००२ साली शिक्षणसंस्थांना दार उघडलं आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांना. तेही अर्धवट. अशा सामुदायिक रेडिओ केंद्राला स्वतःची बातमी देता येत नाही, आकाशवाणीची जशीच्या तशी ऐकवता येते. म्हणजे नळाला पाणी उद्या येणार, एवढं सांगायला हरकत नाही. ते रोज का येत नाही, यावर चार बायका माइकपुढं तावातावानं बोलल्या, तर ती बातमी की गप्पा, हे दिल्लीतलं कुणी ठरवणार.

(दृश्य: परत विडी घरकुल. दहा बाय दहाची खोली. दाराला लावलेली वाकळ, स्टुलावर मोबाइल.)

बाहेरचा आवाज अडवायला दाराला वाकळ लावली आहे. पंखा बंद. आज विषय आहे छाट, म्हणजे तपासणीत बाजूला काढलेल्या विड्या. एक अक्का तेलुगूत सांगते, दुसरी तेच मराठीत, आणि मराठी सांगणारी प्रत्येक वेळी पदरचं थोडं घालते. तेलुगूवाली तिला थांबवते. हे भांडण आम्ही कापलेलं नाही.

(निवेदन थांबतं. भांडण पूर्ण ऐकू येतं.)

रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवरून ओट्याओट्यावर पोचतं. त्यानंतर छाटीच्या प्रमाणावरून कारखान्याच्या शाखेत एकदा बोलणीही झाली.

(दृश्य: त्याच खोलीत कागदांचा पसारा.)

आता या बायकांना स्वतःचा रेडिओ हवाय. अर्ज करायला संस्था निदान तीन वर्षं नोंदलेली लागते, आणि यांच्या गटाची नोंदणीच झालेली नाही. पण पहिला कार्यक्रम ठरलाय, पीएफवर. विडीच्या कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, म्हणून पैसे अडकलेल्या बायका या एकाच गल्लीत पुष्कळ आहेत. पीएफच्या कार्यालयात कोणता कागद आधी द्यायचा आणि कोणता मागितल्याशिवाय दाखवायचा नाही, हे माहीत असलेली मावशी पलीकडच्या ओळीत राहते. ती म्हणते, बोलेन, पण विड्या देऊन आल्यावर. रेकॉर्डिंग संध्याकाळी सहाला ठेवलंय.