फ्लेमिंगो दिसले नाहीत, हेही लिहून ठेवा

नमस्कार मंडळी. ओळख करून दिलीच आहे, तरी सांगते, मी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, राहते ठाण्यात आणि ऑफिस ऐरोलीला. कुठली सिस्टीम कुणावर अवलंबून आहे, एक बंद पडली तर मागच्या कुठल्या अडकतील, हे आधीच बघून ठेवायचं, हे माझं काम. पण आज बोलायचंय ते छंदाबद्दल, म्हणजे खाडीवरच्या पक्ष्यांबद्दल.

ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेला, हे बहुतेकांना माहीत असेल. पण तिथे गेल्यावर पहिली गोष्ट काय कळते, तर तिथे आपलं घड्याळ चालत नाही. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला की थवे खायला उतरतात. दुर्बिणीतून नीट बघा, चोच उलटी करून पाण्यात घालतात, जिभेने पाणी आत ओढतात, बाहेर टाकतात, आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीत शेवाळ अडकतं. त्या शेवाळातूनच तो गुलाबी रंग येतो. लहान पिल्लं करडीच असतात, ती बघून लोक म्हणतात हा कुठला वेगळा पक्षी!

मग भरती आली, चिखल बुडाला, की हेच पक्षी उडून नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. म्हणजे खाडी वाचवली पण तळं गेलं, किंवा तळ्यात भरतीचं पाणी यायची वाट बुजली, तर पक्ष्यांनी त्या वेळात थांबायचं कुठे? मला तर ही सरळ सरळ डिपेंडन्सी दिसते, आणि नकाशावर दोन्ही जागा वेगवेगळ्या रंगात दाखवल्या की नेमकी तीच दिसेनाशी होते.

आता नोंदींचं. आपल्याकडे फोटो भरपूर निघतात, पण तळ्यावर गेलो, काही नव्हतं, परत आलो, हे कुणीच लिहीत नाही. ई-बर्ड म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी करायची वेबसाइट, तिथे यादी भरताना एक प्रश्न येतो, ओळखता आलेले सगळे पक्षी यात लिहिलेत का. तिथे हो म्हटलंत की यादीत नसलेला पक्षी त्या वेळी तुम्हाला आढळला नाही असं धरता येतं, आणि अभ्यासकाला ही माहिती फार मोलाची असते, कारण पक्षी कमी झाले की बघणारे कमी झाले हे त्याशिवाय कळणार कसं?

आमच्या कामात हे रोजचं आहे. रात्रीचा जॉब, म्हणजे संगणकावर आपोआप चालणारं काम, फेल झाला तर अलर्ट येतो, पण तो सुरूच झाला नाही तर अलर्ट पाठवणार कोण? म्हणून प्रत्येक जॉबला संपल्यावर ‘झालं’ असा निरोप पाठवायला लावायचा, आणि ठरल्या वेळेत तो आला नाही की अलर्ट वाजवायचा. तळ्याचंही तसंच करूया ना.

तर जाल तेव्हा तारीख, वेळ, जागा लिहा, भरती होती की ओहोटी ते लिहा, कारण भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि भर ओहोटीत तळं रिकामं दिसलं तर ते पक्षी खाडीत जेवायला गेलेले असू शकतात. पण भरतीच्या वेळीही रिकामंच असेल, तर ती नोंद अजिबात सोडू नका, आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागी परत जा. मुलांना घेऊन गेलात तर मोजायचं काम त्यांच्याकडे द्या, ती जास्त नीट मोजतात. आता प्रश्न विचारा.